तीन गावचा खेकडा

खेकडेमास्तरांच्या हातात काहीही द्या, ते आधी उलटं करून पाहणार. बशी दिली तर चहा ओतण्याआधी बशीचं बूड पाहणार. लग्नपत्रिका दिली तर आधी मागची बाजू. पंगतीत वडा वाढला की वाढणारा पुढे सरकायच्या आत यांनी वडा पालथा केलेला असायचा आणि वाढणारा बिचारा घाबरून विचारायचा, ‘करपला का जी?’ एकदा त्यांच्या पुतणीसाठी मुलगा पाहायला आम्ही काटोलला गेलो. मुलगा शिकलेला, गोरा, घरची संत्र्याची बाग. सगळे खूश. परतताना मोटारीत मास्तरांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्यांना विचारलं, ‘कसा वाटला?’ मास्तर बराच वेळ विचार करून म्हणाले, ‘पाठ चांगली आहे.’ वहिनी त्यावर दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

यात मास्तरांचा काही दोष नव्हता. खेकड्यांच्या नादी लागलेल्या माणसाला हीच सवय लागते. ‘पाठ सगळ्यांची सारखीच असते हो,’ ते म्हणत, ‘ओळख पोटाखाली आहे.’ खेकडा उताणा केला की त्याच्या पोटाला चिकटलेली एक झडप दिसते. मादीची रुंद, नराची चिंचोळी. नराची झडप चिमट्याने उचलली की आत दोन बारीक काड्या सापडतात आणि त्या काड्यांच्या टोकाला बाक कसा आहे यावरून खेकड्याची जात ठरते. रंग, नांग्या, आकार हे सगळं फसवं. मादी हाती आली तर जात सांगणं महाकठीण. हे मला अजून तोंडपाठ आहे, कारण सौंसरच्या शाळेत ते शास्त्र शिकवत आणि मी ड्रॉइंग मास्तर होतो. तीन वर्षं त्या काड्या मी चितारल्या. मोर, कमळ, भारतमाता काढणारा माणूस मी. माझ्या हातून या माणसाने खेकड्यांची पोटं काढून घेतली.

ते मूळचे नागपूरकडचे. वडील गेले म्हणून शिक्षण मध्येच सोडून मास्तरकीला लागले होते. आमच्या शाळेत शास्त्राचं कपाट म्हणजे एक होकायंत्र, दांडा मोडलेलं एक भिंग आणि स्पिरिटच्या चार बाटल्या. एकदा नागपूरच्या एका कॉलेजात त्यांच्या ओळखीच्या प्रोफेसरांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाजवळ बसू दिलं. परत आले ते आठ दिवस दुसरं काही बोलले नाहीत. ‘तासभर पाहिलं हो, तासभर! काडीच्या टोकावर केस होता. एक केस! इथे भिंगातून जन्मभर दिसला नसता.’ मी म्हटलं, ‘केस पाहायला नागपूरला कशाला जायचं, आमच्या हेडमास्तरांच्या डोक्यावर तेवढाच उरलाय.’ ते हसले नाहीत. त्या यंत्राजवळ रोज बसायला मिळावं, एवढीच या माणसाची आयुष्याकडून मागणी होती. बाकी कपडा, घर, बढती कशाचं त्यांना सोयरसुतक नव्हतं.

आणि हा माणूस शाकाहारी, बरं का! चातुर्मासात कांदासुद्धा बंद. खेकड्याला हात लावायचा नाही म्हणून घरातली सांडशी घेऊन बाजारात जायचे. पहिल्या दिवशी वहिनींनी त्याच सांडशीने दुधाचं पातेलं उतरवलं आणि मग त्यांना कळलं की ही सकाळी कुठे जाऊन आली आहे. दूध गेलं, पातेलं गेलं, सांडशी अंगणापलीकडे भिरकावली गेली. खेकड्यांसाठी वेगळी आणली, तिला वहिनींनी लाल चिंधी बांधून ठेवली. त्यानंतरही शेजारच्या बायका त्यांच्याकडे चहाला आल्या की चहा घेण्याआधी हळूच चुलीकडे चिंधी आहे का ते पाहून घेत.

सौंसरच्या आठवडी बाजारात मच्छीच्या ओळीला अगदी शेवटी भिवरा नावाची ढिवरीण बसायची. कन्हानकाठच्या रामाकोना गावची. समोर ओल्या गवताची टोपली, गवतात खेकडे, आणि प्रत्येक खेकड्याच्या नांग्या पळसाच्या मुळीच्या दोऱ्याने आवळलेल्या. मास्तर सांडशी घेऊन आले की सगळ्या ओळीत खसखस पिकायची. कारण लोकांना हव्या असतात पोटात अंडी भरलेल्या माद्या, आणि हे एक एक खेकडा उताणा करून मादी बाजूला ठेवणार.

‘आला बाप्पा नरवाला!’ एखादी म्हणायची.

‘गुरुजी, हे घ्या नं. भरली हाय पाहा.’

‘नको, नको. नर द्या.’

‘नरात काय हाय जी? नुस्तं टरफल! घरी बाई बोलत नाही काय तुम्हाले?’

मास्तर गोरेमोरे व्हायचे, पण नर घेतल्याशिवाय उठायचे नाहीत. भिवरा मात्र हसायची नाही. टोपलीतून नर शोधून त्यांच्यापुढे ठेवायची आणि हा माणूस भिंगातून काय पाहतो ते शांतपणे पाहत राहायची.

तिच्याकडच्या खेकड्याच्या काड्यांना एक वेगळाच बाक होता. मास्तरांच्या पुस्तकातल्या कुठल्याच चित्राशी तो जुळेना. मग त्यांनी कलकत्त्याला खेकड्यांचे एक जाणकार होते त्यांना बाटली पाठवली. उत्तर आलं: खेकडा दुर्मीळ आहे, फार थोड्या ठिकाणी नोंदला गेला आहे, तुमच्या भागात तो कुठून कुठपर्यंत सापडतो ते कळवा. खेकड्याचं लॅटिन नावही दिलं होतं. ते मी इथे लिहीत नाही, कारण मला ते कधी धड म्हणता आलं नाही आणि एकदा म्हटलं तर मास्तरांनी कानावर हात ठेवले.

झालं! मास्तरांनी आजूबाजूच्या गावांतल्या ओळखीच्या माणसांना पोस्टकार्डं धाडली. ‘सप्रेम नमस्कार. आपल्या गावी खेकडा मिळत असल्यास दोन नर ओल्या फडक्यात बांधून पाठवावेत. मादी नको.’ काय काय उत्तरं आली म्हणून सांगू! जामसांवलीच्या एका दुकानदाराने लिहिलं, ‘हे मारुतीचं गाव आहे. इथे असलं काही मागत जाऊ नका.’ एका मामेभावाने नुसतीच प्रकृतीची चौकशी केली आणि नागपूरच्या एका वैद्याचा पत्ता कळवला. पण पांढुर्ण्याहून एका शिक्षकाने मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर गाठोडं पाठवलं आणि तिगावच्या स्टेशनवरच्या तारबाबूने संत्र्याच्या करंडीत घालून चार खेकडे धाडले. चारही नर. मास्तरांनी झडपा उचलल्या, भिंग लावलं आणि मला वर्गातून ओढत नेलं. तोच बाक! सौंसरचा, पांढुर्ण्याचा, तिगावचा, तिन्ही गावचा खेकडा एकच.

यात एवढं नाचण्यासारखं काय, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मला माझ्याच फळ्यावर नकाशा काढून दाखवला. आमचं पाणी कन्हानला जातं. तिगावकडचे नाले, त्यांच्या हिशेबाने, वर्धेकडे उतरतात. हा गोड्या पाण्यातला खेकडा. त्याला पंख नाहीत, तो माळ ओलांडून जात नाही. मग मधला चढ पार करून दुसऱ्या नदीच्या पाण्यात तो पोचला कसा? ‘याचं उत्तर कुणाजवळ नाही,’ मास्तर म्हणाले, आणि असे खूश झाले की त्यांना जणू मुलगाच झाला होता. नागपूरच्या प्रोफेसरांनी तर लगेच कळवलं: कलकत्त्याला हे छापून आलं की आमच्या प्रयोगशाळेत एक जागा आहे, ती तुमची. म्हणजे ते यंत्र! रोज! वहिनींनी नागपूरच्या महाल भागात खोलीची चौकशीसुद्धा सुरू केली. त्यांची एकच अट होती, नव्या घरात खेकडा येता कामा नये.

ते दिवसच नकाशांचे होते. राज्यांची पुनर्रचना चालली होती आणि चहाच्या दुकानात ज्याला त्याला टेबलावर पाणी सांडून बोटाने राज्य काढायचा नाद लागला होता. हे नागपूरसंगं जाईन, ते जबलपूरसंगं जाईन, आणि आम्ही? आमचं कोणालाच ठरवता येत नव्हतं. आमच्याकडच्या काही पुढारी मंडळींना सौंसर-पांढुर्ण्याने नागपूरबरोबर राहावं असं वाटत होतं. त्यांच्या कानावर मास्तरांचा नकाशा गेला. एका सकाळी चौघेजण टोप्या घालून मास्तरांच्या ओसरीवर हजर.

‘मास्तर, असं आयकलं की खेकडा आपल्या बाजूनं हाय म्हणते.’

‘कोणता खेकडा?’

‘तोच तुमचा. सौंसर ते तिगाव सगळा एकच हाय नं? मग तसाच नागपूरपावतर असन. निवेदनाले जोडून देऊ नकाशा. भाषा एक, रीत एक, खेकडा एक!’

मास्तर गंभीरपणे म्हणाले, ‘नागपूरकडचा नर अजून पाहिला नाही. नर आणा, मग सांगतो.’

ती मंडळी जी गेली ती पुन्हा आली नाही. मी हसून हसून ओसरीच्या खांबाला धरून उभा होतो. मास्तरांना मात्र यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांच्या मनात दुसरीच धास्ती होती. नागपूर तिकडे गेलं आणि आपण इकडे राहिलो तर इकडचा मास्तर तिकडे घेणार कोण? रेघ पडायच्या आत छापून यायला हवं होतं. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यासुद्धा त्यांच्या जिवाला घोर लावत. शाळेत छापील चिठ्ठ्यांचा जुना गठ्ठा पडून होता, त्यावर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’. ते खोडून त्यांनी हाताने ‘मध्य प्रदेश’ लिहिलं होतं. आता ते राहणार की जाणार कळेना म्हणून पुढे पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह. ‘खेकडा जागचा हलला नाही हो,’ ते म्हणायचे, ‘पण पत्ते तीन झाले.’

कलकत्त्याला पाठवायची शेवटची चित्रं शाईत करायचं काम माझ्याकडे होतं. इथे माझी एक खोड सांगायला हवी. नांग्या सोडलेला खेकडा समोर ठेवून चित्र काढायला मी तयार नव्हतो. पहिल्याच आठवड्यात एकाने माझा अंगठा असा धरला होता की मी भर वर्गात हेडमास्तरांच्या नावाने ओरडलो. तेव्हापासून मी बांधलेला खेकडा समोर घेई, दिसतो तसा दोऱ्यासकट काढी आणि शाईत करताना दोरा गाळी. मास्तर कुरकुरत, ‘दोरा शास्त्रात येत नाही.’ मी म्हणे, ‘अंगठा येतो का?’

त्या रविवारी दुपारी शाळेत आम्ही दोघेच होतो. तिन्ही गावच्या खेकड्यांची पेन्सिल-चित्रं मी बाकावर ओळीने मांडली आणि शाईची दौत उघडली. पाहतो तर तिन्ही चित्रांत दोरा सारखाच. दोन वेढे डाव्या नांगीला, दोन उजव्या, आणि टोक मागच्या पायाखालून काढून आत खोचलेलं. मी काढलेलं, मलाच हसू आलं. म्हटलं, ‘मास्तर, तुमचे खेकडे तीन गावचे, पण बांधून घ्यायला एकाच बाईकडे जातात वाटतं!’

मी हसत होतो. एकटाच हसत होतो. मास्तरांनी पहिलं चित्र उचललं, दुसरं उचललं. खिशातून भिंग काढलं. माझ्या पेन्सिलीच्या रेघांवरून ते भिंग फिरवत राहिले. मग कपाटातून तिगावची करंडी काढली. ती त्यांनी जपून ठेवली होती. तळाशी दोऱ्याचे तुकडे होते. पळसाच्या मुळीचे. ते हातात घेऊन मास्तर खाली बसले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून माझं हसू कुठल्या कुठे पळालं. असली जीभ देवाने मला कशाला दिली, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघे गेलो. मास्तरांनी सांडशी आणली नव्हती. हे पाहून बायांनीही थट्टा केली नाही.

‘भिवराबाई,’ मास्तर म्हणाले, ‘पांढुर्ण्याला खेकडे कोण विकतं?’

‘माही लेक. तिले तिकडं देली हाय. मी इथला बाजार करतो, उरले ते मोटारीनं तिच्याकडं धाडतो. पांढुर्ण्याच्या लोकायले आमचाच खेकडा लागते.’

‘आणि तिगावला?’

‘थो जावई नेते. तिच्या बाजारातून उरले तं टेसनावर बसते. रेल्वेचे लोक घेते नं जी.’ मग ती अभिमानाने म्हणाली, ‘तारबाबूनं त नर मांगून घेतले म्हणे. तुमचं पाहूनच शिकला असन.’

मास्तरांचा आवाज अगदी बारीक झाला. ‘म्हणजे हा खेकडा पांढुर्ण्याच्या नदीत नाही?’

भिवरा पहिल्यांदाच हसली. ‘पांढुर्ण्याच्या नदीत? तिकडला खेकडा काळा, बारका. पाय पातळ. त्याले शिजवलं तं रस्सा कडू होते. तिगावच्या नाल्यात लाल असते, थो वेगळा. हा हाय नं, हा फक्त आमच्या रामाकोन्याच्या खाली दोन डोह हाय तिथंच. त्याच्या खाली नाही, वर नाही. माह्या सासूनं दाखवला मले, तिले तिच्या सासूनं.’

‘तीन वर्षं झाली, बाई. तुम्ही कधी सांगितलं नाही.’

‘तुम्ही कधी इचारलं जी? तुम्ही नुस्ते उलटे करून पाहत होते.’

परत येताना मास्तर भराभर पुढे चालत होते. मीच बोलत होतो. मी काय काय बोललो ते आठवलं की आज लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? मी म्हटलं, ‘मास्तर, छापून येऊ द्या. कलकत्त्याहून कोण येणार आहे तिगावच्या नाल्यात उतरायला? तुम्ही मुद्दाम काही केलं नाही. खेकडा तुम्हाला पांढुर्ण्याहून आला, तुम्ही पांढुर्णा लिहिलं. तिगावहून आला, तिगाव लिहिलं. यात खोटं काय आहे? आणि एकदा त्या यंत्राशी बसलात की पुढे करा दुरुस्ती.’

ते थांबले. माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘तुमच्या बोलण्याची पाठ चांगली आहे.’

असा राग आला मला! म्हटलं जा, मरा, तुमचे खेकडे आणि तुम्ही. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात पाकीट दिलं, रजिस्टर करून या म्हणाले. कलकत्त्याला पत्र होतं. आधी पाठवलेल्या नोंदी चुकीच्या आहेत, मी नदीचा नकाशा समजून बाजाराचा नकाशा काढला, तरी काही छापू नये. दुसरं पाकीट नागपूरच्या प्रोफेसरांना. मी पोस्टात गेलो आणि खिडकीपाशी जाऊन तिथून परत फिरलो, तीन वेळा फिरलो. पोस्टमास्तरने विचारलं, ‘काय हरवलं काय गुरुजी?’ शेवटी दिलं एकदाचं.

त्यानंतर मास्तर शाळा सुटली की छोट्या गाडीने रामाकोन्याला जायला लागले. वही-पेन्सिल घेऊन भिवराच्या मागोमाग धोतर खोचून डोहाच्या काठाने. ती सांगायची, हे लिहून घ्यायचे. इथे कोणता, तिथे कोणता, कोणत्या नाल्यात पावसाळ्यात वर चढतो, कोणता चिखलात दडतो. मग तिथला नर धरायचा, झडप उचलायची. पाच-सहा जागी तपासलं, प्रत्येक जागी भिवराचं बरोबर निघालं. ‘तिला काड्या दिसत नाहीत हो,’ मास्तर मला म्हणाले, ‘पाय धरून सांगते. चवीवरून सांगते! मी आपला नर, नर करत बसलो.’ त्यांच्या अंगात आता वेगळीच हुशारी आली होती. मी त्यांचा नवा नकाशा काढून दिला. एवढ्या मोठ्या कागदावर दोन ठिपके, एकमेकांना चिकटलेले. इतकं सोपं चित्र मी आयुष्यात काढलं नाही.

प्रोफेसरांचं उत्तर आलं नाही. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली असं नंतर कळलं. छप्पन साली रेघ पडली. नागपूर तिकडे, आम्ही इकडे, राजधानी भोपाळ. आणि नव्या राज्याने मास्तरांना उचलून रीव्याकडच्या एका शाळेत टाकलं. वहिनी महालातल्या खोलीचं बोलायच्या बंद झाल्या. चिंधी बांधलेली सांडशी मात्र त्यांनी सामानात सगळ्यात वर ठेवली.

निघायच्या दिवशी सौंसरच्या स्टेशनवर आम्ही चारपाच जण होतो. गाडी यायच्या जरा आधी भिवरा घाईघाईने आली. तिच्या हातात ओल्या फडक्याचं गाठोडं. मास्तरांपुढे धरून म्हणाली, ‘घ्या. तिकडं भेटत नसन.’

मास्तरांनी गाठोडं सोडलं. आत दोन खेकडे, नांग्यांना दोन दोन वेढे, टोक पायाखालून खोचलेलं. आता हे उताणे करणार म्हणून आम्ही सगळे पाहत राहिलो. वहिनींनी तर डोळेच मिटून घेतले. पण मास्तरांनी खेकडे उलटे केले नाहीत. फडकं पुन्हा नीट बांधलं, सांडशी नाही काही नाही, उघड्या हाताने ते गाठोडं मांडीवर घेऊन डब्यात बसले.

‘पाहत नाही काय जी?’ भिवराने खिडकीतून विचारलं.

‘काय पाहायचं? तुम्ही आणले म्हणजे तेच असणार,’ मास्तर म्हणाले.

ते मला पुन्हा भेटले नाहीत. अधूनमधून पत्र यायचं. तिकडच्या खेकड्यांच्या काड्यांविषयी लिहायचे, हिंदीतून शिकवताना मुलं हसतात असंही लिहायचे. मग एक पत्र वहिनींच्या अक्षरात आलं आणि मला ते उघडायच्या आधीच कळलं. त्यानंतर वर्षभराने कलकत्त्याहून मास्तरांच्या नावे शाळेच्या पत्त्यावर एक पातळ छापील कागद आला आणि हेडमास्तरांनी तो मला दिला. इंग्रजीत पाचसहा ओळी. तेच तोंडात न बसणारं लॅटिन नाव, खाली माझं काड्यांचं चित्र, दोऱ्याशिवाय. आणि प्रसार: रामाकोन्याखालचे कन्हानचे दोन डोह, इतरत्र नाही. शोधणारी: भिवरा, ढिवरीण, रामाकोना.

मी त्याच दिवशी रामाकोन्याला गेलो. भिवरा आता म्हातारी झाली होती, दारात बसून दोरा वळत होती. मी तिला कागद वाचून दाखवला, तिचं नाव कुठे आहे ते बोटाने दाखवलं. तिने त्या जागेवर अंगठा ठेवून पाहिलं. मग म्हणाली, ‘अन् गुरुजीचं नाव?’

गाडीत मी चार वेळा शोधलं होतं. कुठे नव्हतं. त्यांनीच कळवलं असणार, माझं नाव घालू नका म्हणून. ‘नाही,’ मी म्हटलं.

भिवराने माझ्या हातून कागद घेतला आणि उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. तिने ती बाजू माझ्यापुढे धरली. ‘इथं जागा हाय नं,’ ती म्हणाली.

मी पेन काढलं आणि मास्तरांचं नाव लिहिलं. खेकडेमास्तर नाही, शाळेच्या हजेरीबुकात होतं ते पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. तिला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने ऐकलं, मान हलवली आणि कागद घरात ठेवायला उठली.